२८ दिवस थांबा : टर्की पाळणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात घरामागे पाच-सहा टर्की पाळण्याबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की हा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सगळी पत्रं सलग वाचली तेव्हा एक गोष्ट जाणवली. तुम्ही लोक कष्टात कुठेच कमी पडत नाही, पण बहुतेकांनी आधी कोंबड्या पाळलेल्या आहेत, त्यामुळे टर्की म्हणजे जरा दांडगी कोंबडी असं डोक्यात बसलंय आणि नुकसान तिथेच होतंय. दिवस वेगळे, दाणा वेगळा, आजार वेगळे, पिल्लांचा स्वभाव तर पूर्णच वेगळा. प्रश्न थोडे आटपशीर करून घेतलेत.

प्रश्न : ताई नमस्कार, इन्क्युबेटरमधे टर्कीची १८ अंडी ठेवलीत, आज २३ वा दिवस आहे. कोंबडीची पिल्लं २१ व्या दिवशी निघतात, ही अजून टोचत पण नाहीयेत. काल न राहवून एक फोडून बघितलं तर आत पिल्लू जिवंत होतं आणि थोड्या वेळाने गेलं. फार वाईट वाटलं. बाकीची टाकून देऊ का?

अजिबात टाकू नका, आणि कृपा करून आता एकही फोडू नका. टर्कीला २८ दिवस लागतात. तुमचं पिल्लू अगदी ठीक वाढत होतं, त्याचे अजून सहा दिवस बाकी होते एवढंच. मोजायचं कसं तेही सांगते कारण इथे एका दिवसाचा घोळ बऱ्याच जणांचा होतो, अंडी ठेवली तो दिवस शून्य, त्याला २४ तास झाले की पहिला दिवस भरला.

आता तुमच्या हातात असलेलं काम. २५ व्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहा, दिवसातून तीनदा किंवा पाचदा, विषम आकडा अशासाठी की रात्रीचा जो लांब वेळ असतो तो रोज एकाच कुशीवर जायला नको. फिरवणं राहिलं तर वाढणारं पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं. २५ वा दिवस भरला की फिरवणं बंद, अंडी आडवी ठेवा, ह्युमिडिटी वाढवा आणि झाकण लावून टाका. तोपर्यंत ह्युमिडिटी ५५ ते ६० टक्के पुरते, शेवटचे तीन दिवस मात्र ७० च्या आसपास हवी. तापमान पंखावाल्या मशीनला ३७.५ सेल्सिअस. बिनपंख्याचं असेल तर ३८.३ च्या जवळपास, आणि थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या बाजूच्या उंचीला हवा, कारण पंखा नसला की खाली गार आणि वर गरम असे थर होतात आणि थर्मामीटर तळाला पडलेला असेल तर तुम्हाला ३८.३ दिसतंय तेव्हा अंड्याच्या डोक्याशी भलतंच काहीतरी चाललेलं असतं.

आत काय चाललंय हे बघायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही आहे, पण त्यासाठी अंडं फोडावं लागत नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंड्याचं रुंद टोक ठेवा. टर्कीच्या अंड्यावर तपकिरी ठिपके असतात त्यामुळे कोंबडीच्या पांढऱ्या अंड्याइतकं स्वच्छ दिसत नाही, सातव्या दिवशी घाई करू नका, दहाव्या दिवशी बघा. मधोमध काळसर ठिपका आणि त्याच्या चहूबाजूंनी कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव आहे. पिवळसर एकसारखा उजेड दिसला तर ते भरलेलंच नव्हतं. शिरांऐवजी एक लाल कडं दिसत असेल तर जीव धरला होता पण मधेच गेला. शेवटची दोन्ही काढून टाका, नाहीतर कुजून फुटतं आणि बाकीच्या चांगल्या अंड्यांवर ती घाण उडते.

२८ वा दिवस होऊन गेल्यावरही आणखी दोन दिवस थांबा. ठेवण्याआधी अंडी जास्त दिवस साठवलेली असली किंवा तापमान अर्धा डिग्री कमी राहिलं असलं की उशीर होतोच.

प्रश्न : माझी १२ पैकी फक्त ४ पिल्लं निघाली. बाकीच्या ८ मधे पूर्ण वाढ झालेली पिल्लं होती, पिसं सुद्धा होती, पण बाहेर आलीच नाहीत. दोघांनी तर टोचून भोक पाडलेलं होतं. मी दर दोन तासांनी उघडून बघत होते, पाण्याचा फवारा मारत होते, तरी असं का झालं?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. दर दोन तासांनी उघडत होता ना, तिथेच गडबड झालेली असणार. शेवटच्या तीन दिवसात झाकण उघडलं की आतली सगळी दमट हवा एका क्षणात बाहेर जाते, आणि ज्या पिल्लाने भोक पाडलेलं असतं त्याच्याभोवतीचा पापुद्रा सुकून अंगाला चिकटतो. मग त्याला आत वळताच येत नाही, आणि वळल्याशिवाय कवच कापता येत नाही. फवारा मारून ते ओलं होत नाही, उलट अंडी गार पडतात. पाणी भरायचं तर बाहेरून नळीने आतल्या ट्रेमधे जाईल अशी सोय आधीच करून ठेवायची.

दुसरं कारण त्याच्या बरोबर उलटं असतं. पहिले २५ दिवस ह्युमिडिटी जास्त ठेवली तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगलेलं, चिकट, ओलं असं आतच गुदमरतं. कुठलं झालं ते ओळखायचं तर मेलेलं पिल्लू बघा, सुकून चिकटलेलं आहे की पाणी सुटलेलं आहे. पुढच्या वेळी एक साधा काटा घ्या आणि अंडी ठेवताना वजन करून पेन्सिलीने वर लिहून ठेवा. २५ व्या दिवसापर्यंत साधारण ११-१२ टक्के वजन उतरायला हवं, म्हणजे ८५ ग्रॅमचं अंडं ७५ च्या आसपास यायला हवं. त्यापेक्षा कमी उतरत असेल तर पाणी कमी करा, जास्त उतरत असेल तर वाढवा. मशीनवरच्या ह्युमिडिटी मीटरपेक्षा माझा या काट्यावर जास्त विश्वास आहे, मीटर खोटं दाखवतात, अंड्याचं वजन खोटं बोलत नाही.

आणि भोक पाडल्यावर पिल्लू तासन् तास काहीच करत नाही, तेव्हा आपला जीव खालीवर होतो, ते जरा समजून घ्या. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि तिथे आयुष्यातला पहिला श्वास घेतं. तेव्हा अंडं कानाला लावलं तर बारीक चिवचिव ऐकू येते. मग कवचाला टोचतं, आणि त्यानंतर १२ ते २४ तास नुसतं पडून राहतं. ते दमलेलं नसतं, त्या वेळात पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं. तेव्हा आपण मदत म्हणून कवच सोललं की रक्त येतं आणि पोटाशी बलक लोंबत राहतो, असं पिल्लू बहुतेक वेळा वाचत नाही. २४ तास पूर्ण होऊन गेले, पापुद्रा कागदासारखा पांढरा कोरडा दिसतोय, शिरा दिसत नाहीत, तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने जरा जरा ओलं करून भोक थोडं मोठं करा आणि परत ठेवून द्या, पूर्ण बाहेर काढू नका.

प्रश्न : मशीन घ्यावं की मादीच्याच खाली अंडी ठेवावीत? आमच्याकडे एक खुडूक कोंबडी पण आहे.

घरच्या पाच-सहा पक्ष्यांसाठी मी तरी मादीलाच पहिली पसंती देते. टर्कीची मादी एकदा खुडूक झाली की दगडासारखी बसते, दिवसातून एकदा उठून दाणापाणी करते, एक मोठ्ठी शीट टाकते आणि परत येते. मोठी मादी असेल तर १५ अंडी आरामात झाकते. कोंबडीच्या खाली टर्कीची सात-आठपेक्षा जास्त ठेवू नका, अंडं मोठं असतं, कडेची उघडी पडतात आणि कोंबडी रोज अंडी आतबाहेर सरकवत असते त्यामुळे आळीपाळीने सगळीच गारठतात. आणखी एक म्हणजे काही कोंबड्या २१ दिवस झाले की कंटाळून उठतात, त्यामुळे आधी कधी जास्त दिवस बसलेली, खात्रीची कोंबडी असेल तरच. शिवाय कोंबडीमुळे टर्कीच्या पिल्लांना जो आजार होतो त्याबद्दल खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय ठरवू नका.

घरटं जमिनीवरच करा, उंच खोक्यात नको. पक्षी जड आहे, वरून उडी मारून आत उतरला की अंडी फुटतात. कोपऱ्यात आडोसा, खाली माती, वर भरपूर वाळलेलं गवत, मधे थोडा खोलगट. मादी मोकळी फिरत असेल तर ती झुडपात लपून अंडी घालते आणि तुम्हाला वाटतं अंडी द्यायची बंद झाली, अशा वेळी दुपारी तिच्या मागावर राहा. एका घरट्यात दोन माद्या बसायला बघतात, ते चालू देऊ नका, ओढाओढीत अंडी फुटतात आणि निघालेली पिल्लं पायाखाली चेंगरतात. बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा म्हणजे नंतर कोणी नवीन घातलं तर लगेच कळतं आणि काढून घेता येतं. बसायच्या आधी मादीच्या पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं उलटी करून उवा बघा, कारण २८ दिवस एका जागी बसलेल्या पक्ष्याला त्या सारख्या चावून हैराण करतात, मादी वाळते आणि शेवटी वैतागून उठून जाते.

बसवायला साठवताना अंडी धुऊ नका, निमुळतं टोक खाली करून थंड जागी, १३ ते १६ डिग्रीला, आठवडाभर ठेवलीत तरी चालतात. दहा दिवसांच्या पुढे निघण्याचं प्रमाण घसरत जातं.

प्रश्न : पिल्लं छान निघाली, १४ होती. ब्रूडरमधे (पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्यात) बल्ब, दाणा, पाणी सगळं होतं. तीन दिवस ठीक होती आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पटापट ६ मेली. कुठलाच आजार दिसला नाही. दाण्याची भांडी भरलेलीच होती. काय चुकलं?

हा प्रश्न वाचताना मला माझी पहिली खेप आठवली. ११ पिल्लं होती माझी. चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर तीन आडवी, पाय मागे ताणलेले, आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर दाण्याने काठोकाठ भरलेली थाळी. डॉक्टरांनी एक उघडून दाखवलं, पोटात लाकडाच्या भुशाचे दोन तुकडे होते, दाण्याचा कण नव्हता. अन्नाशेजारी बसून ती उपाशी मेली होती. ते मी अजून विसरलेले नाही, म्हणून हे उत्तर लांब होणार आहे.

कोंबडीचं पिल्लू निघाल्या निघाल्या जे दिसेल त्याला चोच मारतं. टर्कीच्या पिल्लाला खाणं म्हणजे काय हे दाखवावं लागतं. त्यांची नजर पण सुरुवातीला तितकी तेज नसते. पोटात ओढलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तुम्हाला तीन दिवस सगळं ठीक दिसलं. बलक संपला आणि खायला शिकलेलं नव्हतं, तिथे खेळ संपला.

तर करायचं काय. ब्रूडरमधे सोडताना प्रत्येक पिल्लू हातात घ्या आणि त्याची चोच पाण्यात बुडवा, फक्त टोक, नाकपुडीपर्यंत नाही. वर मान करून गिळलं की मगच खाली ठेवा. पाणी कोमट हवं आणि भांडं अगदी उथळ, त्यात चमकणाऱ्या काचेच्या गोट्या टाका, चमकतंय म्हणून ती टोचायला येतात आणि टोचताना पाणी पोटात जातं, शिवाय गोट्यांमुळे कोणी पडून बुडत नाही. दाण्याचं तसंच, पहिले दोन दिवस खाली भुसा उघडा ठेवू नका, वर खरखरीत कापड किंवा टिश्यू पेपर अंथरा आणि दाणा त्यावरच पसरून टाका. वर्तमानपत्र मात्र नको, ते गुळगुळीत असतं, पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात आणि तसेच फाकलेले राहतात. दाण्यावर उकडलेलं अंडं बारीक किसून भुरभुरा, पिवळा रंग त्यांच्या डोळ्यात भरतो.

आणि मग बोट. आई टर्की दाण्यावर चोच आपटून आवाज करते, ते काम आपल्याला करायचंय. नखाने दाण्यावर टकटक करत राहा. आधी एक पिल्लू मान तिरकी करून एका डोळ्याने बोटाकडे बघेल, बराच वेळ नुसतं बघेल, मग नखालाच टोचेल, मग नखाशेजारच्या दाण्याला. त्याने तो दाणा गिळला की बाकीची त्याचं बघून येतात. पहिले तीन दिवस हे दर दोन-तीन तासांनी करा, पाच मिनिटं पुरतात. संध्याकाळी प्रत्येकाच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा, भरलेली आणि मऊ लागली तर ते शिकलं. चपटी लागली तर त्याला बाजूला घेऊन परत शिकवा. एकदोन दिवसांचं कोंबडीचं पिल्लू मास्तर म्हणून सोडायची युक्ती पण बरेच लोक करतात, काम होतं, पण आजाराच्या कारणाने मी ती करत नाही.

उजेड पहिले तीन दिवस भरपूर आणि रात्रंदिवस. उब पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ डिग्री, मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्रीने कमी. थर्मामीटरबरोबर पिल्लं बघा, बल्बखाली एकावर एक चढून किंचाळत असतील तर थंडी वाजतेय, लांब कडेला चोच उघडी टाकून बसली असतील तर तापतंय, सगळीकडे विखुरलेली असतील तर बरोबर. ब्रूडरला कोपरे ठेवू नका, पुठ्ठ्याचं गोल रिंगण करा, घाबरली की ती कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करतात आणि खालची चेंगरतात.

आणि दाणा कुठला होता ते तुम्ही लिहिलं नाहीत. कोंबडीच्या पिल्लांच्या स्टार्टरमधे, म्हणजे सुरुवातीच्या दाण्यात, १८ ते २२ टक्के प्रोटीन असतं, टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास लागतं. नायसिन हे जीवनसत्त्व पण त्यांना बरंच जास्त लागतं, कमी पडलं की पाय वाकडे होतात, सांधे सुजतात. ब्रॉयलर कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी घरात आहे म्हणून तीच घालायची असं करू नका, त्यात बऱ्याचदा कॉक्सीसाठी (कॉक्सिडिओसिस या आतड्यांच्या आजारासाठी) औषध मिसळलेलं असतं, आणि ते सॅलिनोमायसिन असेल तर कोंबडीला औषध आणि टर्कीला विष आहे. पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा.

प्रश्न : जागा कमी आहे, कोंबड्या आणि टर्की एकाच खुराड्यात ठेवल्या तर चालेल ना? शेजारी म्हणतात काही होत नाही.

शेजाऱ्यांचं नशीब चांगलं असेल. मी नाही म्हणेन.

ब्लॅकहेड नावाचा आजार आहे. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव त्याला कारण. तो उघड्यावर फार वेळ जगत नाही, पण कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो त्या जंताच्या अंड्यात शिरून तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो. गांडूळ ती माती खातं, टर्की गांडूळ खाते. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही, ती ठणठणीत दिसते आणि शिटेतून जंताची अंडी पसरवत राहते. टर्कीत मात्र लिव्हर आणि आतडं सडतं आणि एकदा कळपात शिरला की बहुतेक पक्षी जातात. नावावर जाऊन डोकं काळं पडायची वाट बघू नका, कित्येकदा पडतच नाही. पक्षी पंख पाडून, डोळे मिटून एका बाजूला उभा आणि शीट गंधकासारखी पिवळी, ही खरी खूण. असं दिसलं की त्याच दिवशी वेगळा करा आणि पशुवैद्यांना दाखवा, कारण टर्कीत तो एकापासून दुसऱ्याला थेट पण लागतो. यावर चालणारी जुनी औषधं बऱ्याच देशांनी बंद केलीत, अमेरिकेत शेवटचं औषध २०१५ साली बाजारातून गेलं, त्यामुळे उपचाराच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मग जागा कमी असताना काय, तर एकतर कोंबड्या ठेवा किंवा टर्की. दोन्ही हवंच असेल तर जमीन वेगळी, भांडी वेगळी, फावडं वेगळं आणि आधी टर्कीकडे जाऊन मग कोंबड्यांकडे, उलट नाही. गमबूट पण वेगळे, चिखलातून जंताची अंडी बुटाला लागून येतात. जिथे दोन-तीन वर्षांत कोंबड्या फिरल्यात तिथे टर्कीची पिल्लं सोडू नका. वरच्या खुडूक कोंबडीवाल्यांनी म्हणूनच तिला अंड्यांवर बसवायच्या आधी जंताचं औषध द्यावं आणि पिल्लं घेऊन तिला कधीच कोंबड्या न फिरलेल्या जागेत ठेवावं, तरीही धोका शून्य होत नाही हे धरून चाला.

ओल हा दुसरा शत्रू. ओल्या भुशात कॉक्सी वाढतो, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं त्याला बळी पडतात. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज उचला. आठेक आठवड्यांची होऊन पाठीवर नीट पिसं येईपर्यंत दवातल्या गवतात पण सोडू नका.

प्रश्न : आमच्याकडे एकच मादी आहे, नर कधीच नव्हता. ती २० दिवस अंड्यांवर बसलीय. काही निघेल का?

नाही निघणार. पण एक गंमत सांगते. १९५० च्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात टर्कीच्या न फळलेल्या अंड्यांत सुद्धा आपोआप वाढ सुरू होते असं आढळलं होतं, आणि त्यातली अगदी थोडी पिल्लं बाहेर येऊन जगली पण, सगळी नर. बहुतेक अंड्यांत ती वाढ लवकरच थांबते, त्यामुळे टॉर्चवर काही धुरकट दिसलं तरी आशा धरू नका. मादीला मात्र उठवा, नुसती बसून ती वाळत चाललीय. अंडी काढून घ्या, घरटं मोडा आणि चारपाच दिवस खाली गादी नसलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात उजेडात ठेवा. आणि मादी विकत आणलेली असेल तर एक लक्षात घ्या, नराशी एकदा संबंध आल्यावर टर्कीची मादी चार-पाच आठवडे फळलेली अंडी देऊ शकते, त्यामुळे ती नुकतीच आली असेल तर आधी टॉर्चवर बघून मग काढा.

प्रश्न : नर हल्ली अंगावर येतो. एकट्यालाच हाताने वाढवलेला आहे, आधी मांडीवर बसायचा.

म्हणूनच येतो. एकट्याने माणसात वाढलेला नर माणसालाच टर्की समजतो, आणि वयात आला की तुम्ही त्याला प्रतिस्पर्धी वाटता. कधीही एकच पिल्लू वाढवू नका, निदान तीन तरी. आता त्याला माद्यांमधे सोडा, एका नराला पाच-सहा माद्या बऱ्या, कमी असतील तर त्यांच्या पाठी सोलवटतात. लहान मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका, नखं आणि पंखाचा फटका दोन्ही जोरात लागतात. डोक्याच्या रंगावर लक्ष ठेवा. त्या उघड्या कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात-आकसतात तसा रंग लाल, निळा, पांढरा होत राहतो, चोचीवरची सोंड लांब लोंबायला लागली आणि रंग भराभर पालटायला लागले की तो चढलाय समजा आणि तेव्हा पाठ फिरवून चालू नका. १६१२ साली जहांगीर बादशहाकडे गोव्याहून हा पक्षी आला तेव्हा त्यानेही हेच टिपून ठेवलं होतं की याचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं.

प्रश्न : चार महिन्यांची टर्की कुंपणावरून उडून जातात, झाडावर जाऊन झोपतात. काय करू?

एकाच बाजूच्या पंखाची पुढची लांब दहा पिसं कापा, दोन्ही बाजूंची नको, एक बाजू कापली की तोल जातो म्हणून उडत नाहीत. नवीन येणाऱ्या पिसाची दांडी निळसर काळी आणि रसरशीत दिसते, त्यात रक्त असतं, ती सोडून द्या. पिसं गळून नवीन आली की परत कापावी लागतात. आणि झोपायला उंच दांडी द्या त्यांना, दोन-तीन फुटांवर, रुंद आणि चपटी, कारण झाडावर ती उडायच्या हौसेने नाही तर रात्री उंचावर बसायची ओढ असते म्हणून जातात. संध्याकाळी उजेड जायच्या आधी थोडा दाणा आत टाकून बोलवायची सवय लावली की आठवड्यात आपण होऊन आत येऊन बसतात.